आंदणाच्या गाईचा चारा

पिंपरखेडे, तालुका शहादा
६ जानेवारी १९३७

रा. रा. भटू पाटील, मुक्काम आंबेवाडे, यांसी,

नमस्कार लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. मनातून आज तो निघत नाही, हे तुम्हाला कळलेलं बरं.

आमचा गाडीवान दलसिंग कापूस घेऊन नंदुरबारच्या जिनात गेला होता. येताना तापी उतरायच्या आधी तुमच्या गावी मुक्कामाला थांबला. काल अंगणात बैल सोडता सोडता खाली मान घालून म्हणाला, “पाटील, तुमनी गाय आटनी. याहीना घरमा म्हनी ऱ्हायनात, पोरना पाय पांढरा शे.” माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. सिंधूची आई ओसरीवरून उठून आत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही.

व्याहीबुवा, वैशाखात मी तुमच्या मुलाला, भिलाला, मुलगी दिली आणि तिच्यासोबत कबरी आंदण दिली. कबरी माझ्या गोठ्यात जन्मलेली. तिच्या आईच्या दुधावर सिंधू वाढली. पोळ्याला कबरी तुमच्याकडे व्याली आणि दिवाळीपर्यंत तुमच्या घराने तिचं दूध प्यायलं. विहीणबाई धनुबाईंनी तूप कढवून लेकीकडे पाठवलं, ते आमच्यापर्यंत कळलं होतं. तेव्हा सिंधूचे पाय कुठे होते? त्याच घरात होते ना? पायगुण काय दिवाळीच्या फराळाबरोबर संपतो?

गाय आटली तर शेतकरी आधी गव्हाण बघतो. तुम्ही सुनेचे पाय बघितलेत. गाईला काय घालता ते उलट टपालाने कळवा.

दोधू पाटील

&nbsp;

आंबेवाडे, तालुका नंदुरबार
१४ जानेवारी १९३७

रा. रा. दोधू पाटील यांसी भटू पाटलाचा सप्रेम नमस्कार.

आपले पत्र नेमके संक्रांतीच्या दिवशी हाती आले. तिळगूळ पुढे करून गोड बोला म्हणावे की न म्हणावे, असा आम्हांस प्रश्न पडला.

गाईला काय घालतो, असे आपण विचारता. हा प्रश्न तालुक्यात दुसऱ्या कोणी विचारला असता तर लोक हसले असते. विहिरीजवळच्या पट्ट्यात आम्ही यंदा नव्या वाणाची उंच ज्वारी केली. खत सढळ हाताने घातले. ताट जाड व्हावे म्हणून ओळी विरळ ठेवल्या. दाणा दाताखाली कडक लागेपर्यंत एकाही ताटाला विळा लावू दिला नाही. घोड्यावरचा माणूस त्या पिकात शिरला तर त्याचे पागोटे दिसत नव्हते. फाल्गुनाच्या तोंडावर शेतकी प्रदर्शन भरणार आहे. ज्याचा चारा सर्वांत वजनदार, त्यास जरीचा फेटा. प्रदर्शनाची मंडळी काटा घेऊन आली, तर पहिल्याच भाऱ्याला काट्याची साखळी तुटली. हे सदर मंडळींच्या तोंडूनच ऐकावे.

सोयरीक पाहायला आपण आलात, तेव्हा दारातली आमची गंजी पाहून सुपारी फोडलीत. त्याहून दुप्पट गंजी आज दारात उभी आहे. अशा चाऱ्यात गुडघाभर उभी राहून एखादी गाय आटते, तर दोष चाऱ्याचा कसा म्हणावा? बायका जे बोलतात ते आम्ही बोलत नाही. पण बायकांचे तोंड कोणी धरायचे?

कळावे.
भटू पाटील

&nbsp;

पिंपरखेडे
२७ जानेवारी १९३७

भटू पाटील यांसी,

बायकांचं तोंड धरायला मी सांगितलं नव्हतं. तुम्ही तुमचं उघडायचं होतं.

तुमच्या चाऱ्याची एवढी थोरवी वाचली, तेव्हा दलसिंगला पुढच्या खेपेला एक पेंढी मागून आणायला सांगितलं. तुमच्या भिलाने हसत हसत दिली म्हणे. ती मी माझ्या बैलांपुढे टाकली. त्यांनी पानं ओरबाडली, शेंड्याकडचं थोडं चावलं आणि उरलेलं पायाखाली घेतलं. मग मी स्वतः ताट दाताखाली धरलं. पाटील, माझ्या छपराची बल्ली त्याच्यापेक्षा मऊ असेल.

आता ऐका, कारण हे तुम्हाला तुमच्या बापानेही सांगितलं असणार. चाऱ्याची ज्वारी दाट पेरायची असते, म्हणजे ताट बारीक येतं. ती निसवली आणि फुलोरा दिसला की कापायची. त्या वेळी सत्त्व पानात आणि ताटात असतं. दाणा पक्का होऊ दिलात की सगळं सत्त्व कणसात चढतं आणि खाली नुसता बांबू उरतो. त्याचं वजन होतं, हे खरं. वजन तर दगडाचंही होतं. काटा तेवढंच सांगतो. त्यात गाईच्या अंगी लागण्यासारखं काय आहे ते गाईला विचारावं लागतं, आणि तुमची गाय दिवाळीपासून ओरडून सांगते आहे. सकाळी गव्हाणीखाली किती चघाळ पडलेलं असतं ते एकदा वाकून बघा. पोट फुगलेलं दिसतं म्हणून तुम्हाला ती खाऊन धालेली वाटते. ती पोटभर उपाशी आहे.

आमच्याकडे दादर ज्वारी हिवाळ्याच्या दवावर येते. तिचं ताट करंगळीएवढं, चावलं तर वर्षाने सुद्धा गोड लागतं. काट्यावर तुमच्या निम्म्यानेही भरणार नाही, पण गव्हाणीत काडी उरत नाही.

या पत्राबरोबर दलसिंगच्या गाडीत दादरचा कडबा आणि तुरीच्या मळणीचं कुटार पाठवतो आहे. सुनेच्या माहेराहून जनावराला चारा आला की सासरच्या घराची शोभा होते, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून पाठवतो आहे.

दोधू पाटील

&nbsp;

आंबेवाडे
९ फेब्रुवारी १९३७

रा. रा. दोधू पाटील यांसी,

आपली गाडी नेमकी बाजाराच्या दिवशी भर दुपारी चावडीसमोर येऊन उभी राहिली. आपल्या दलसिंगने साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात आमचे घर विचारले. वास्तविक त्यास आमचे घर ठाऊक आहे. पानाच्या दुकानावरून कोणी तरी ओरडले, “फेटा तुमना, नि चारा याहीना का, पाटील?” सारा बाजार हसला. आमच्या तीन पिढ्यांत या गावात आम्हांस कोणी हसले नव्हते.

गाडीचा दोर न सोडता ती आल्या पावली परत केली आहे.

आपल्या कन्येचे वर्तनही कळवितो. सकाळची चूल उरकली की ती गोठ्यात जाऊन बसते. बांधलेल्या पेंढ्या सोडते, पाने ओरबाडते, कोवळे शेंडे खुडते आणि पदरात घालून त्या गाईला चारते. तुरीचे कुटार आम्ही विटांच्या मातीसाठी राखले होते, तेही पाण्यात भिजवून घालते. हातांना चिरा पडल्या आहेत असे धनुबाई म्हणतात. बाकीची बोडकी ताटे आमच्या बैलांपुढे पडतात. आमच्या बैलांच्या फासळ्या अलीकडे दिसू लागल्या आहेत. ही दृष्ट कोणाची, हे आम्ही लिहीत नाही.

आखाजीच्या सणाला लेकी माहेरी जातात. आपणही गाडी पाठवावी. कबरीला गाडीमागे बांधून देऊ. पुढे काय ते आपण शहाणे आहात.

भटू पाटील

&nbsp;

आंबेवाडे
१४ मार्च १९३७

ती. आबांस सिंधूचा दंडवत.

हे पत्र दलसिंगभाऊंच्या हाती देते आहे. चार बुकं शिकवलीत ती आज कामाला आली.

आधी तुमच्यावर रागावते, मग बाकीचं. आबा, चाऱ्याची गाडी पाठवण्याआधी मला एका शब्दाने विचारलं असतंत तर मी नको म्हणाले असते. तुम्हाला मामंजींची जिरवायची होती. ती जिरली, पण गाडी माघारी फिरल्यावर घरात मी होते, तुम्ही नव्हता. त्या दिवसापासून सासूबाई मला ताट वाढत नाहीत, घेऊन खा म्हणतात. आखाजीला गाडीमागे गाय बांधून मला पाठवायचं ठरलं आहे, हे सारं गाव जाणतं. गाडीमागे आंदणाची गाय चालली की बघणारा काय समजतो ते तुम्हाला सांगायला नको. पाणवठ्यावर बायका माझ्याशी बोलणं संपल्यासारखं बोलतात.

आता प्रदर्शनाचं. चाऱ्यासोबत त्या चाऱ्यावर पोसलेलं जनावर उभं करायचं, असा तिथला नियम निघाला. मामंजींना तो आदल्या दिवशी कळला. बैल नेण्यासारखे नव्हते. गोठ्यात अंगावर तेज असलेलं एकच जनावर होतं, कबरी. ती पुरती आटली नव्हती, उतरली होती. महिनाभर पानं आणि कुटार मिळाल्यावर पुन्हा पान्हा सोडू लागली होती. माझ्याबरोबर जिलाही गावभर पांढऱ्या पायाची म्हटलं, तिला घासून धुतली, शिंगं रंगवली, गळ्यात माळ घातली आणि नेली. संध्याकाळसाठी मी पानांची टोपली भरून ठेवली होती. मामंजींनी ती गड्याकडून मागून घेतली. तिथे बक्षिसाच्या पेंढीवर माझी पानं पसरून ठेवली, म्हणजे मंडळींसमोर गाय तोंड लावेल. कबरीने ती खाल्ली. मामंजींना फेटा मिळाला.

आबा, मला फेट्याचं दुःख नाही. पण टोपली मागवली म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. कळत असून माझ्या पायाला नाव ठेवत होते. हे मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी ती मंडळी आमच्याकडे जेवायला आली. सासूबाईंनी मांडे केले होते. मी तुपाची वाटी घेऊन दाराशी उभी होते. त्यांच्यातले एक जण म्हणाले, “पाटील, या चाऱ्याचं गुपित आम्हालाही सांगा.” मामंजी खत आणि ओळी सांगू लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, “गाय तो कडबा खात नही. ती पाने खास. पाने मी तोडी तोडी देस.” आणि मी हात पुढे केले. चिरा होत्याच. तुमचे जावई पंगतीतच बसले होते. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग मांडा मोडला आणि खाली मान घालून जेवू लागले.

आता काय व्हायचं ते होवो. पुन्हा चारा मात्र पाठवू नका.

आपली,
सिंधू

&nbsp;

आंबेवाडे
२० एप्रिल १९३७

रा. रा. दोधू पाटील यांसी,

आखाजी जवळ आली म्हणून हे स्मरणपत्र. मागील पत्रातील एक गोष्ट बदलली आहे ती ध्यानात घ्यावी.

सदर प्रदर्शनात आपल्याकडून आलेल्या गाईची फार वाखाणणी झाली. आमच्या चाऱ्यावर ती कशी भरली, हे दहा गावांनी पाहिले. तेव्हा गाईत काही खोट नव्हती असे आता आम्हीही म्हणतो. गाय येथेच राहील. प्रदर्शनाची मंडळी पुढील हंगामात तीस पुन्हा पाहणार आहेत, आणि बक्षिसाचे जनावर दारातून घालविणे बरे दिसत नाही.

गाय निर्दोष ठरल्यावर दोष कोठे राहतो, हे उघड आहे. विहिरीचे पाणी यंदा लवकर खाली गेले. डावा बैल लंगडतो. शिवाय सुनेने परक्या पुरुषांसमोर सासऱ्याला खोटे पाडले. असे आमच्या घरात चालत नाही. आखाजीला तिला घेऊन जावे आणि आमचे बोलावणे आल्याखेरीज पाठवू नये.

भटू पाटील

&nbsp;

पिंपरखेडे
२५ एप्रिल १९३७

भटू पाटील,

गाय आटली तेव्हा दोघी पांढऱ्या पायाच्या. गाय भरली तेव्हा पोर एकटी पांढऱ्या पायाची. हा न्याय तुम्ही कुठून आणलात ते मला शोधायचं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी आजवर ऐकल्या होत्या, आता टपालाने आल्या.

आंदण पोरीचं असतं, सासऱ्याचं नसतं. पंच बसवून मी कबरी उद्या सोडवून आणू शकतो. पण ठेवा तिला. तुमच्या चाऱ्यावर ती भरली म्हणता ना, मग तुमच्याच चाऱ्यावर ठेवा. दहा गावांनी आता पुढचंही बघावं.

आखाजीला गाडी घेऊन मी स्वतः येतो आहे. त्या दिवशी घरात असलात तर बाहेर या. माझ्या मुलीला निरोप द्यायला कोणी पुरुषमाणूस दाराशी असावं, एवढीच अपेक्षा आहे.

दोधू

&nbsp;

आंबेवाडे
२४ जून १९३७

परमस्नेही दोधूबुवांस भटू पाटलाचा साष्टांग नमस्कार.

आखाजीला आपण आलात तेव्हा आम्ही नेमके शेतावर गेलो होतो आणि भिलाही आमच्याबरोबर होता. भेट राहून गेली, याची रुखरुख आहे.

सूनबाई गेल्यापासून घर रिकामे वाटते. धनुबाईंचे गुडघे दुखतात. तुळशीला पाणी घालण्याचेही कोणास सुचत नाही. मागे जे काही बोलणे झाले ते मनात ठेवू नये. झाले गेले तापीला मिळाले.

पेरणीचे दिवस आहेत, आपल्यालाही सवड नसेल. तरी नदीला पाणी चढून गाड्या बंद होण्याआधी सूनबाईंना पाठवावे. दलसिंगने आणून सोडले तरी चालेल.

कबरीची प्रकृती जरा नरम आहे. कडब्याला तोंड लावीत नाही. दूध म्हणाल तर वासरापुरतेही नाही. धनुबाईंनी चार दिवस पाने तोडून पाहिली, परंतु हात कापतात म्हणून सोडून दिले. श्रावणात प्रदर्शनाची मंडळी गाय पाहण्यास येणार असल्याचे पत्र आले आहे. सूनबाई आल्या तर सर्व काही रुळावर येईल.

आपला,
भटू पाटील

&nbsp;

पिंपरखेडे
३० जून १९३७

ती. मामंजींस सिंधूचा नमस्कार.

सून सासऱ्याला पत्र लिहीत नाही, हे मला माहीत आहे. आबा लिहायला बसले होते. मी त्यांच्यापुढची दौत ओढून घेतली. जानेवारीपासून तुम्ही दोघे माझ्याबद्दल एकमेकांना लिहीत आहात. मला कोणी काही विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र माझं.

आधी कबरीचं, कारण ती मुकी आहे आणि तिला थांबता येत नाही. गंजीतला तो कडबा तसाच टाकू नका. त्याची बारीक कुट्टी करा, मिठाचं पाणी शिंपडा आणि तुरीचं कुटार भिजवून त्यात कालवा. दुधाला सरकीची ढेप थोडी तरी लागेलच. बांधावरचं गवत वाढलं असेल, ते रोज भाराभर कापून घाला, म्हणजे कडब्यावर भार राहणार नाही. विहिरीजवळचा पट्टा अजून मोकळा असेल तर त्यात ज्वारी दाट पेरा आणि तिच्यात चवळी टाका. निसवून फुलोऱ्यात आली की लगेच कापायला लागा, वजनासाठी थांबू नका. मात्र पावसाने ओढ दिली तर कोवळी ज्वारी कबरीच्या तोंडाला लागू देऊ नका, ती विषारी होते आणि गाय जागच्या जागी पडते. हे सगळं तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. तरी लिहिलं, म्हणजे आपल्याला कळलं नव्हतं असं तुम्हाला म्हणायला जागा राहू नये. यात माझ्या हाताचं काही नाही आणि पायाचं तर नाहीच. गडीसुद्धा करील.

आता माझं. पांढरा पाय हे तुमच्या घरात पहिल्यांदा ऐकलं, त्यानंतर किती तरी दिवस मी पाणी आणताना माझेच पाय बघत चालत होते. मला खरंच वाटू लागलं होतं की काहीतरी असेल. मामंजी, तुम्ही मला मारलं असतंत तर मी विसरले असते. हे विसरत नाही. टोपली मागून नेणाऱ्या माणसाला माझ्या पायात काही नाही हे पक्कं ठाऊक होतं, आणि तो गावासमोर गप्प बसला.

तुमच्या पत्रात गाय आटली आहे, गुडघे दुखत आहेत, तुळस सुकली आहे, मंडळी येणार आहेत. मी कुठे आहे ते मला सापडलं नाही. आबा म्हणतात, पाठवत नाही. आई म्हणते, बाईने घर सोडू नये, जा. मी दोघांचंही ऐकलं नाही. मला तुमच्या घराचा राग आहे, पण ते घर माझंही आहे.

गाईसाठी मला बोलावू नका. गाईचं काय करायचं ते मी वर लिहून दिलं आहे. ते सगळं करून बघा, कबरी भरू दे, दूध देऊ दे, मंडळींना दाखवून होऊ दे. त्यानंतरही सून हवी असं वाटलं तर तुम्ही या, आणि इथून परत जाताना तुमच्या चावडीसमोर गाडी थांबवून माझ्या पायाबद्दल जे बोललात ते मागे घ्या. बायको हवी असेल तर तुमच्या मुलाला पाठवा, आणि त्यांना सांगा की येताना बोलायला शिकून या.

दोघेही आलात तर मी गाडीत बसेन. एकटा आलेल्याला आई जेवू घालून परत पाठवील.

सिंधू